‘मला वाटते’ची अप्रतिष्ठा

१

एका परिसंवादात एका संशोधक विद्यार्थिनीने आपल्या निबंधाच्या अखेरीस ‘ही कादंबरी मला फसलेली वाटते’ असे एक वाक्य वाचले. अध्यक्षस्थानी असलेल्या अभ्यासकांनी तिला तेथेच थांबवले आणि वैयक्तिक मते बाजूला ठेवून सैद्धान्तिक चौकटीतून बोलावे, असा उपदेश केला. सभागृहाने माना डोलावल्या. विद्यार्थिनीने ते वाक्य मागे घेतले. त्याआधीच्या वीसबावीस पानांत निवेदक, निवेदनाचे स्तर, कालक्रमातील उलटापालट, प्रतिमांची पुनरावृत्ती यांचे यथासांग वर्गीकरण होते. ते जसेच्या तसे राहिले. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या निबंधात समीक्षेचे म्हणावे असे एकच वाक्य आढळले होते आणि नेमके तेच मागे घ्यावे लागले.

याच्या अगदी उलट टोकाला आपल्याकडील ग्रंथपरीक्षणे आहेत. तेथे ‘मला वाटते’ला मज्जाव नाही, तेथे दुसरे काही नसतेच. पुस्तक ‘मनाला भिडते’, ‘अंतर्मुख करते’, ‘अस्वस्थ करून सोडते’. कोणत्या पानावर भिडते, भिडते म्हणजे नेमके काय करते, आणि ज्याला ते भिडत नाही त्याचे काय चुकते, हे प्रश्न विचारणे तेथे असभ्यपणाचे मानले जाते. परिसंवादातील चौकट आणि परीक्षणातील गहिवर हे एकमेकांचे वैरी आहेत असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या मते ती एकाच पळवाटेची दोन दारे आहेत. पहिला मत देण्याचेच टाळतो, दुसरा दिलेल्या मताचा हिशेब देण्याचे टाळतो. परिणाम एकच : पुस्तक चांगले की वाईट, आणि का, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

या लेखाचा पक्ष असा की, वाचकाचे वैयक्तिक मत हा समीक्षेतील दोष नसून तिचे मूळ भांडवल आहे. मात्र ते भांडवल उधारीचे आहे आणि त्याची फेड संहितेतील पुराव्याने करावी लागते. दुसरे असे की, ललित आणि ललितेतर अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे ती ही फेड चुकवण्यास मदत करते. हे निव्वळ तत्त्व म्हणून न मांडता गेल्या वर्षभरात वाचलेल्या, काही पुन्हा वाचलेल्या, चार पुस्तकांवरील माझ्या मतांच्या आधारे मांडावे असा विचार आहे.

२

आवड आणि मत यांत भेद आहे, आणि तो काही नवा शोध नव्हे. कांटने १७९० साली हा भेद स्पष्ट केला. एखादे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याला, ‘तुझ्यापुरते सुखद आहे असे म्हण’, अशी दुरुस्ती सुचवता येते आणि तो ती मान्यही करतो. परंतु ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा अशी दुरुस्ती मान्य करीत नाही; त्याचे विधान व्यक्तीच्या अनुभवातून निघालेले असूनही इतरांच्या संमतीवर हक्क सांगते. रा. भा. पाटणकरांनी कांटचा हा विचार मराठीत सविस्तर उलगडून दाखवल्यानंतरही ‘वैयक्तिक’ आणि ‘स्वैर’ हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरीत असू, तर दोष कांटचा नाही.

कांटच्या आधी, १७५७ साली, ह्यूमने अभिरुचीवरील निबंधात ‘दोन किखोते’मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. पिंपातील मद्य चाखून एक म्हणाला, चांगले आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, किंचित लोखंडाची. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. या गोष्टीत चव घेणे हे वैयक्तिक आहे, किल्ली मात्र सर्वांसाठी आहे. समीक्षकाचे काम पिंप रिकामे करून किल्ली दाखवणे हे होय. आपली परीक्षणे चवीशीच थांबतात. आपले शोधनिबंध पिंपाची लांबी, रुंदी आणि लाकडाची जात नोंदवतात. मद्य चाखत नाहीत.

आपल्या परंपरेतील ‘सहृदय’ ही संकल्पनाही येथे आठवावी. अभिनवगुप्ताचा सहृदय हा हळवा माणूस नव्हे. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा तो तयार वाचक आहे. या तयारीमुळे त्याच्या प्रतिसादाला प्रामाण्य येते. याउलट १९६७ साली बार्तने लेखकाचा मृत्यू जाहीर करून ज्या वाचकाचा जन्म साजरा केला, त्या वाचकाला इतिहास नाही, चरित्र नाही, मानसही नाही. संहितेतले सर्व धागे जेथे एकत्र येतात अशी ती केवळ एक जागा आहे. विचारप्रयोग म्हणून हे चित्तवेधक आहे. पण जागेला मत नसते. आपल्या विद्यापीठांनी बार्तचे प्रतिपादन वाद घालण्यासाठी घेतले नाही, शिस्त म्हणून घेतले. आणि मग ग्रंथालयाच्या वाचनकक्षात रोज चार तास बसणाऱ्या, चरित्र आणि मानस असलेल्या खऱ्या वाचकाला बोलण्याची चोरी झाली.

३

आता पुस्तकांकडे वळू.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ मी विद्यार्थिदशेत वाचले होते आणि त्याची गोडी अनेक वर्षे मनात होती. पेणजवळच्या वरसईचा एक कर्जबाजारी भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघतो, बंडाच्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, नागवला जातो आणि अखेर गंगेची कावड घेऊन आईवडिलांकडे परततो. १८८३ साली चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्याने हे लिहून काढले आणि १९०७ साली वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. परंतु वैद्यांनी भाषा वळणावर आणली होती, काही मजकूर गाळला होता, काही बदलला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. ती मी अलीकडे प्रथमच सलग वाचली.

माझे मत असे : वैद्यांचे पुस्तक अधिक सुबक आहे आणि गोडसे भटजींचे पुस्तक अधिक मोठे आहे. मला पूर्वी जी गोडी वाटली होती तिचा बराचसा भाग वैद्यांच्या हाताचा होता. मुळातला भिक्षुक दक्षिणेचा, भोजनाचा, अंतराचा हिशेब ठेवत जातो, आणि हे हिशेबी मन कत्तलीच्या दिवसांतही त्याला सोडून जात नाही. रसिक संपादकाला हे अरसिक वाटणे स्वाभाविक होते. पण या पुस्तकाचे सामर्थ्य त्या हिशेबातच आहे. ज्याला राष्ट्र, स्वातंत्र्य, पराक्रम या कल्पनांशी कर्तव्य नाही, ज्याला घरचे कर्ज फेडायचे आहे, अशा माणसाच्या डोळ्यांसमोरून इतिहास जातो आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो. जेथे गोडसे ऐकीव हकिकत सांगतात तेथे त्यांची लेखणी पौराणिकाची होते. माणसे लांब भाषणे करू लागतात. झाशीत जेथे ते स्वतः लपून बसले होते, तेथे तहान, भूक, जिना, भिंत आणि वेळ एवढेच उरते. पाहिलेले आणि ऐकलेले यांतला हा फरक भाषेच्या पोतात उमटला आहे. त्याने जाणून केला असो वा नसो, तो संहितेत आहे आणि कोणालाही तपासता येईल.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, माझे पूर्वीचे मत चुकीचे होते आणि ते पुराव्याने बदलले. जे बदलू शकते ते स्वैर नसते. लहर चुकत नाही, मतच चुकू शकते. दुसरी, हे पुस्तक ग्रंथालयात इतिहासाच्या किंवा प्रवासवर्णनाच्या कपाटात असते, आणि मी वर जे म्हटले ते सर्व ‘घाटा’विषयी आहे, जो विचार आपण कादंबऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

‘ललितेतर’ हा शब्दच पाहा. जे ललित नाही ते. एखाद्या गावाने आपल्या वेशीबाहेरच्या सर्व प्रदेशाला ‘बाहेर’ एवढेच नाव द्यावे, तसे हे आहे. वास्तविक मराठी वाङ्मयाचा मोठा कणा या ‘बाहेर’ गणलेल्या प्रदेशात आहे. साहित्य अकादेमीचा मराठीतील पहिला पुरस्कार १९५५ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला मिळाला, आणि पुढच्याच वर्षीचा मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला, पुढे इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’लाही मिळाला. पुरस्कार हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण विचाराचे गद्य हेही वाङ्मयच आहे, ही जाणीव तेव्हा होती. आज ललितेतर पुस्तकाची सर्वांत मोठी स्तुती ‘कादंबरीसारखे वाचनीय’ अशी होते, आणि कादंबरीची ‘माहितीपूर्ण’ अशी. म्हणजे प्रत्येकाला तो जे नाही त्याबद्दल शाबासकी.

४

या उलट्या शाबासकीचे दोन नमुने पाहू.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हापासून त्याची स्तुती प्रामुख्याने दाहक वास्तव, धग, सामाजिक दस्तऐवज या शब्दांत झाली. ही स्तुती वरवर उदार असली तरी माझ्या मते ती कंजूष आहे. ती लेखकाला अनुभव देते आणि लेखणी नाकारते. जणू हे पुस्तक घडले, लिहिले गेले नाही. पुन्हा वाचताना मला सर्वाधिक थांबवले ते त्यातल्या एका वाङ्मयीन निर्णयाने. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी सांगतो आहे आणि लेखक दया पवार ती ऐकतो आहे. एकाच माणसाचे हे दोन भाग. शिकून, नोकरी करून, पांढरपेशा वस्तीत पोहोचलेला माणूस कावाखान्यातल्या पोराला ओळख देतो की नाही, ही या पुस्तकातली खरी कोंडी आहे, आणि ती विधानातून नव्हे तर या दुभंगलेल्या निवेदनातून उभी राहते. लाज वाटणे आणि लाज वाटल्याची लाज वाटणे, अशा दोन पातळ्यांवर ते चालते. माझी तक्रार अशी की उत्तरार्धात ही दुहेरी रचना विरळ होते, ऐकणारा जवळजवळ दिसेनासा होतो आणि प्रसंग केवळ एकामागून एक येऊ लागतात. ‘बलुतं’वर अशी तक्रार करणे म्हणजे दुःखाची प्रतवारी लावणे असे काहींना वाटेल. मला ते उलट वाटते. ज्याच्या रचनेबद्दल तक्रार करता येते त्यालाच आपण रचनाकार मानलेले असते.

दुसरा नमुना विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’चा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि अकादेमीचा पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचा गौरव धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची अस्सल माहिती देणारी कलाकृती म्हणून होत आला आहे. माहिती अस्सल आहे यात शंका नाही. भूसंपादन, मोबदला, नोटिसा, जमिनीच्या वाटपातली लबाडी या प्रक्रियेचे तपशील मला कादंबरीतले सर्वांत थरारक भाग वाटले. तेथे क्रौर्याला चेहरा नाही, शिक्का आहे. कोणी विशेष दुष्ट नसतानाही एक गाव नाहीसे होते. परंतु कादंबरीकाराचा या कोरड्या क्रौर्यावर पुरेसा विश्वास नाही. म्हणून तो त्यावर आपत्तींची चढती भाजणी रचतो, खलप्रवृत्तीच्या माणसांना ठळक रंग देतो, आणि जे व्यवस्थेचे पाप होते ते काही व्यक्तींच्या माथी जाते. वाचकाला रडायला जागा मिळते आणि विचार करायची जागा त्याच प्रमाणात कमी होते. माझ्या मते ‘झाडाझडती’ जेथे ललितेतराच्या सर्वांत जवळ आहे तेथे ती सर्वश्रेष्ठ कादंबरी आहे, आणि जेथे ‘कादंबरीमय’ होते तेथे उतरते. हे मत चुकीचे ठरवायचे असेल तर वाट मोकळी आहे : त्या नाट्यमय प्रसंगांनी कागदपत्रांना न दिसणारे काय दाखवले, ते दाखवावे.

चौथे पुस्तक श्याम मनोहरांचे ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (२००६). येथे माझी आवड आणि माझे मत यांची फारकत झाली. मला हे पुस्तक आवडले नाही. तुटक, सपाट वाक्यांचा मारा, भावनेला जाणूनबुजून नाकारलेला आसरा, यांनी मी दोनदा पुस्तक मिटले. तरीही ते महत्त्वाचे आहे असे माझे ठाम मत आहे. कादंबरी हे ज्ञानाचे क्षेत्र आहे, ही भूमिका मनोहर दीर्घकाळ मांडत आले आहेत. या पुस्तकात ती वाक्यरचनेपर्यंत उतरली आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरात कुतूहल नावाची गोष्ट कशी मरते, हे कुतूहलशून्य वाटणाऱ्या वाक्यांनीच तपासले जाते. मला जो कंटाळा आला तो पुस्तकाच्या आशयाचाच भाग होता, हे मला दुसऱ्यांदा मिटवलेले पुस्तक तिसऱ्यांदा उघडल्यावर कळले. ज्यांना ‘वैयक्तिक मत’ म्हणजे ‘आवडले, नावडले’ एवढेच वाटते, त्यांनी या फारकतीचा विचार करावा.

५

या भूमिकेवर दोन गंभीर आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, ‘मला’ म्हणणारा हा मी कोण? त्याची जात, वर्ग, लिंग त्याच्या अभिरुचीतून बोलतात. मग त्याच्या मताला निव्वळ वाङ्मयीन कसे मानावे? हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे आणि म्हणूनच मी वैयक्तिक मताच्या बाजूने आहे. दलित साहित्याच्या आरंभीच्या काळात त्याला आक्रस्ताळे, कलाहीन ठरवणारी समीक्षा ‘मला वाटते’ असे म्हणत नव्हती. ती ‘शुद्ध वाङ्मयीन निकषांवर’ असे म्हणत होती. एका विशिष्ट समाजस्तराची अभिरुची निकषाचा अंगरखा घालून बसली होती आणि तिच्याशी वाद घालणे कठीण होते, कारण ती कोणाचीच नव्हती. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ हे पुस्तक लिहावे लागले ते याच निनावी निकषांविरुद्ध. सही केलेल्या मताला त्याचा पत्ता विचारता येतो, चौकटीला तो विचारता येत नाही. ‘बलुतं’च्या उत्तरार्धाबद्दलची माझी तक्रार माझ्या स्थानातून आली असेल तर ते मला दाखवून देता येईल, मी ती माझ्या नावाने केली आहे.

दुसरा आक्षेप असा की, संशोधन हे मतांचे नव्हे, ज्ञानाचे क्षेत्र आहे. येथे मी एक साधी गोष्ट निदर्शनास आणू इच्छितो. संरचनावाद, स्त्रीवाद, देशीवाद, उत्तरवसाहतवाद यांपैकी कोणतीही चौकट घ्यावी आणि कोणतीही कादंबरी घ्यावी. प्रबंध सिद्ध होतो. उत्तम कादंबरीवरही होतो आणि सुमार कादंबरीवरही होतो. जिच्यातून सर्वच धान्य, खडे आणि कोंडा सारखेच खाली पडतात तिला चाळण म्हणत नाहीत. दोष सिद्धान्तांचा नाही. स्त्रीवादी वाचनाने कितीतरी कृतींबद्दलचे आपले मत मुळातून बदलले, म्हणजे त्याने निर्णय दिले. दोष आहे तो सिद्धान्ताचा उपयोग निर्णय टाळण्यासाठी करण्याचा. शिवाय निर्णय टळत नाही, लपतो. कोणती कादंबरी संशोधनासाठी निवडायची, कोणाची नावे प्रस्तावनेत घ्यायची, कोणाला तळटीपेत ढकलायचे, ही सर्व मतेच आहेत. फक्त त्यांचे समर्थन द्यावे लागत नाही.

नेमाड्यांचे ‘टीकास्वयंवर’ १९९० साली आले. कथा हा कादंबरीच्या तुलनेत गौण प्रकार आहे, हे त्यांचे मत मला आजही पटत नाही. पण त्या मताने मराठीतल्या कथाकारांना आणि कथेच्या वाचकांना कथेची बाजू नव्याने मांडणे भाग पाडले. अमान्य होण्याची जोखीम पत्करलेले मत वाङ्मयव्यवहाराला चालना देते. निरुपद्रवी वर्गीकरणाशी भांडायला कोणी येत नाही, कारण तेथे भांडण्याजोगे काही नसते.

६

म्हणून माझी मागणी मर्यादित आणि व्यवहार्य आहे. साहित्यकृतीवरील प्रत्येक प्रबंधात किमान काही पाने अशी असावीत जेथे संशोधक स्वतःच्या नावाने सांगेल की, ही कृती कोठे साधली, कोठे फसली, आणि हे त्याने कोणत्या पानावरून ठरवले. परीक्षकांनी त्या पानांवर त्याला अडवावे, झोडपावे, पण ती पाने मागावीत. परीक्षणलेखकांनी ‘भिडते’ हे क्रियापद वापरण्यास हरकत नाही, मात्र त्याच्या शेजारी पृष्ठक्रमांक असावा. आणि कथनात्मक ललितेतर गद्यावर लिहिताना आशयाचा गौरव करून रचनेची चौकशी टाळू नये. कादंबरीवर लिहिताना तिने माहिती किती दिली याची मोजदाद करू नये. लेखकाने वस्तुस्थितीशी केलेले करार दोन्हीकडे वेगळे असतात हे खरे. गोडसे भटजींनी खोटे सांगितले तर ते वचनभंग ठरते, विश्वास पाटलांनी गाव कल्पिले तर तो त्यांचा हक्क ठरतो. पण करार पाळला म्हणजे पुस्तक चांगले झाले असे नव्हे, आणि कोणता शब्द कोठे पडला हे दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे पाहावे लागते.

ज्या कादंबरीला त्या विद्यार्थिनीने फसलेली म्हटले ती मला स्वतःला बरी वाटते. तिने कारण सांगितले असते तर कदाचित माझे मत बदलले असते, कदाचित तिचे बदलले असते. सभागृहात त्या दिवशी त्या कादंबरीविषयी काही ठरण्याची ती एकमेव संधी होती. आम्ही चहाला उठलो.